कुंपणाचे कान

मी मराठी शिकवणारा माणूस. सेन्सर, झोन यांतलं मला काय कळणार? पण निवृत्त माणूस रिकामाच असतो असा सगळ्यांचा समज. त्यामुळे सोसायटीच्या मागच्या कुंपणावर गजराची केबल बसवायला माणसं आली तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "सर, तुम्ही थांबा त्यांच्याजवळ." थांबलो, आणि चक्क रमलो.

जाळीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी केबल बांधत नेतात. जाळी हलली की केबलला ते कळतं. तो पोरगेला तंत्रज्ञ स्क्रूड्रायव्हरने जाळीवर टकटक करी आणि लॅपटॉपवरच्या रेघा बघे. तार कापली तर एकेक तीक्ष्ण ठोका येतो, कोणी चढलं तर जाळी सलग हलते, वाऱ्याने लांबवर थरथरते. किती जोराचा ठोका धरायचा आणि किती सेकंदांत किती ठोके झाले की बोंब मारायची, हे यंत्राला शिकवायचं. कान फार तिखट केले तर मांजरही चोर, फार मंद केले तर चोरही मांजर! त्याने आधी ढिली जाळी ताणून घेतली, टेकलेली बोगनवेल छाटायला लावली, खडखडणारी पाटी काढायला लावली. मग एका मुलाला प्रत्येक टप्प्यात जाळीवर चढवून पाहिलं. दर वेळी गजर झाला. टाळ्या झाल्या, सह्या झाल्या.

हे मार्चमध्ये, सकाळी अकरा वाजता, पान हलत नसताना. पेपर फुटल्यावर घेतलेली परीक्षा म्हणा ना!

जूनमध्ये वारा-पाऊस सुरू झाला आणि रात्रीतून चार-पाचदा गजर होऊ लागला. बोगनवेल तोवर पुन्हा जाळीपर्यंत आली होती. वॉचमन बिचारे दर वेळी टॉर्च घेऊन धावत, आणि नियमाप्रमाणे कमिटीला फोन करत. "पुन्हा झोपमोड केलीस तर बघ," हे त्यांना मिळालेलं उत्तर. (पन्नाशीच्या माणसाला अरे-तुरे करायची ही पद्धत मला कधीच पटलेली नाही. असो.) ऑगस्टमध्ये त्यांनी बझरमध्ये फडकं कोंबलं. त्यानंतर एका रात्री जाळी कापून दोन सायकली आणि पाण्याची एक मोटार गेली.

आता कमिटी म्हणते, वॉचमनला काढा. माझा याला विरोध आहे.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे वाय-१२ नावाचं ठिकाण आहे. अण्वस्त्रांसाठीचं युरेनियम तिथे साठवतात. २८ जुलै २०१२ च्या पहाटे तिथली कुंपणं कापून तीन शांततावादी थेट युरेनियमच्या इमारतीपर्यंत पोचले. त्यांतल्या मेगन राइस या ८२ वर्षांच्या नन! गजर वाजलेच नाहीत असं नाही. पण खोट्या गजरांची सवय झाली होती आणि नेमका तिथला कॅमेरा बंद होता. भिंतीवर हातोडे पडताना एका रक्षकाने ऐकले, त्याला वाटलं दुरुस्ती चालली असेल. सरकारी चौकशीत नादुरुस्त साधनांवर बोट ठेवलं गेलं. आणि त्या तिघांपर्यंत जो रक्षक पहिल्यांदा पोचला त्याची नोकरी गेली. सात समुद्रांपलीकडेही आमचीच कमिटी!

शाळेत मी हेच पाहिलं. वर्गातला एक मुलगा सारखा तक्रारी आणायचा. त्याला मी दोनदा दटावलं. तिसऱ्या वेळी खरंच एकाचं डोकं फुटलं होतं आणि हा गप्प बसून राहिला. तेव्हा मी त्यालाच रागावलो. आज चाळीस वर्षांनीही ते टोचतं.

येत्या रविवारी सभा आहे. मी तीन गोष्टी मागणार आहे. पावसात, रात्री, न सांगता पुन्हा चाचणी. प्रत्येक गजराची वेळ आणि कारण लिहायला एक वही. आणि खोट्या गजराबद्दल कोणी कोणाला बोलायचं नाही. शेजारचे जोशी म्हणाले, वहीचा खर्च कोण करणार? वही मी माझ्या पैशाने आणली आहे, दोनशे पानी.

काल वॉचमननी विचारलं, "सर, मी येऊ का सभेला?"

"या," म्हटलं. "माझ्या शेजारी बसा."