६० बाय ९० फुटांत गाव बसते का?

सरदार सरोवर धरणामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबे सपाटीवरच्या पुनर्वसन वसाहतींत आली. जमीन किती मिळाली, यावर बरीच चर्चा झाली. नव्या गावाची मांडणी कोणी ठरवायची, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

नियम काय सांगतो?

नर्मदा पाणीतंटा लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात प्रत्येक विस्थापित कुटुंबाला ६० बाय ९० फुटांचा घरभूखंड मोफत ठरला. १०० कुटुंबांमागे प्राथमिक शाळा, ५० कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची विहीर आणि ५०० कुटुंबांमागे दवाखाना, असा हिशेबही बांधून दिला. हे नियंत्रण हवेच. आकडा लेखी नसेल, तर विहीर मागायची कशाच्या आधारावर?

अडचण कुठे येते?

सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा वस्ती पाड्यांची. घर आपल्याच शेतात, शेजारी भाऊबंद, अंगणात गुरे. आखीव वसाहतीत घर एकीकडे आणि शेत दुसरीकडे जाते. मग पिकाची राखण, गुरांचा गोठा, मुलाच्या लग्नानंतरचे वेगळे घर, सगळ्याचेच गणित बदलते. नकाशात भूखंड मोजला जातो. शेजार मोजला जात नाही.

तोल कसा साधता येतो?

इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात एक वाट दाखवली. रस्ते, पाणी, सांडपाणी आणि भूखंड यांचे नियोजन आधी झाले. बहुतेक गरीब कुटुंबांना जोते आणि शौचालयासारखी मूलभूत सोय मिळाली. पुढचे घर त्यांनी ऐपतीप्रमाणे, गरजेप्रमाणे वाढवले.

कायदा कोणाच्या बाजूने?

१९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात भूसंपादन किंवा पुनर्वसन करण्यापूर्वी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक आहे. ती नुसत्या ठरावापुरती नको. आराखडा कागदावर असतानाच व्हावी.

रस्त्याची रुंदी, पाणी, गटार, शाळेची जागा यांबाबत प्रशासनाने ठाम राहावे, कारण या चुका नंतर सुधारत नाहीत. शेजारी कोण, दार कोणीकडे, गोठा कुठे, हे मात्र राहणाऱ्यांनी ठरवावे. सोयी सरकार देऊ शकते, गाव तिथली माणसेच वसवतात.