चिनी व्यापाऱ्याची इंग्रजी

'दुकान वाढवले' म्हणजे दुकान बंद केले, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. परका माणूस शब्दकोश उघडून बसला, तर त्याला दुकान मोठे झाले असेच वाटेल. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी व्यापाऱ्याची अशीच गत होते. 'पुट' म्हणजे ठेवणे आणि 'कॉल' म्हणजे बोलावणे, हे त्याला पाठ असते. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे आणि 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे, हे शब्द फोडून कळत नाही. म्हणून स्वतः बोलताना तो बहुधा 'पोस्टपोन', 'कॅन्सल' असे सुटे शब्द वापरतो. आमच्या मते त्यात काहीच वावगे नाही. अडचण येते ती समोरच्याचे ऐकताना आणि पत्र वाचताना.

चिनी विद्यार्थ्यांना हे शिकवण्याची एक रीत मात्र आम्हाला पटत नाही. इंग्रजी म्हण द्यायची आणि तिच्याशेजारी चार अक्षरांची चिनी म्हण मांडायची. इंग्रज एका दगडात दोन पक्षी मारतो, चिनी एका बाणात दोन गरुड पाडतो. विद्यार्थी खूश होतो, पण या म्हणीवाचून कोणाचा सौदा अडला? 'लूज फेस' तर त्याला शिकवायलाच नको. तो वाक्प्रचार इंग्रजीने चिनीतूनच उचलला आहे.

त्यापेक्षा रंगांवर अर्धा तास खर्च करावा. 'इन द रेड' म्हणजे तोट्यात. चिनी हिशेबातही तुटीला 'लाल आकडा' म्हणतात, तेव्हा हे सोपे वाटते. पण तिथे भागीदाराला मिळणारा वाटा म्हणजे 'लाल नफा', आणि शेअर बाजाराच्या फलकावर भाव चढला की आकडा लाल होतो, उतरला की हिरवा. उलट 'इन द ब्लॅक' म्हणजे नफ्यात. नवख्याला तो काळा पैसा वाटला तर नवल नाही. आपल्यालाही तसेच वाटेल!

सर्वांत महाग पडणारा शब्द 'कॉल ऑफ'च. ब्रिटिश खरेदीदारांत 'कॉल ऑफ ऑर्डर' अशी पद्धत आहे: एकदाच मोठा करार करून भाव ठरवायचा आणि माल लागेल तसा थोडाथोडा मागवायचा. म्हणजे 'मार्चमध्ये ५०० नग कॉल ऑफ करतो' याचा अर्थ माल पाठवा. ज्याने 'कॉल ऑफ म्हणजे रद्द' एवढेच घोकले, तो कारखानदार माल भरायच्या वेळी यंत्र थांबवून बसेल.

ग्वांगचौच्या जत्रेत १९५७ पासून वर्षातून दोनदा देशोदेशीचे गिऱ्हाईक येते. त्यातल्या पुष्कळांची मातृभाषा इंग्रजी नाही. दोन्हीकडची भाषा उसनी, आणि पैसा मात्र खरा. म्हणून भाव, तारीख आणि रक्कम यांना हात घालणारे शब्द चिनी शिक्षकाने आधी शिकवावेत: 'नॉक डाउन' म्हणजे भाव पाडणे, 'फॉल थ्रू' म्हणजे सौदा फिसकटणे, 'बॅक आउट' म्हणजे शब्द देऊन मागे हटणे. यिवूहून कुलपे, चेन, मणी मागवणाऱ्या आमच्या वाचकांनीही 'रद्द' किंवा 'पाठवा' असे साध्या इंग्रजीत, नग आणि तारीख घालून लिहावे.

'टेबल' या शब्दाला मात्र तोड नाही. ब्रिटिश माणूस एखादा विषय 'टेबल' करतो तेव्हा तो चर्चेला घेतो. अमेरिकन 'टेबल' करतो तेव्हा बाजूला ठेवतो. तिथे गिऱ्हाईक कुठले, हे आधी विचारून घ्यावेच लागते.