घर सोडून जाणाऱ्यास काय द्यावें?

प्रतिवर्षीं परीक्षांचे निकाल लागले कीं, स्वारगेटच्या एस्. टी. स्थानकावर घर सोडून निघालेल्या तरुणांची गर्दी होते. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या बाजूंकडील मुलें शिक्षणासाठीं येथें उतरतात, आणि पुण्याचीं कित्येक मुलें येथूनच परगांवीं जातात. त्यांच्या सामानांत बाजारांतून आणलेल्या नव्या वस्तु पुष्कळ असतात. घरीं केलेली एखादी वस्तु मात्र बहुधा तळाशीं दडविलेली असते. स्वतः शिवलेली गोधडी देण्यास आई संकोचते, आणि ती सोबत्यांपुढें उलगडण्यास मुलगा लाजतो. हा संकोच आम्हांस अनाठायीं वाटतो. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

बाजारची वस्तु वाईट, असें आमचें म्हणणें नाहीं. घड्याळ घरीं करतां येत नाहीं, आणि तें लागतेंच. परंतु विकत घेतलेल्या भेटीस पैसा पुरतो. हातानें केलेल्या भेटीस वेळ आणि मन हीं दोन्हीं लागतात. गोधडीचेंच पाहा. जुनीं लुगडीं, धोतरें एकावर एक अंथरून त्यांवर धावदोऱ्याच्या ओळींमागून ओळी घालाव्या लागतात. हें काम घाईनें उरकत नाहीं. कित्येक दुपारींची विश्रांति त्यांत खर्ची पडते. आजीचें लुगडें, आईची साडी आणि वडिलांचें धोतर तींत एकत्र येतें, व परगांवच्या थंडींत सारें घरच जणू मुलाच्या अंगावर पांघरूण घालतें.

एस्. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं अहमदनगरहून पुण्यास आली. पुढें याच गाड्यांतून खेड्यापाड्यांतील आयांनीं शहरांत शिकणाऱ्या मुलांस भाकरीचे डबे पाठविले. त्या डब्यांवर किती मुलें शिकून मोठीं झालीं, याची गणती कोणीं केली आहे? घरच्या हातांची भेट ती हीच.

पवित्र शास्त्रांत हन्नेची कथा आहे. तिनें आपला लहान मुलगा शमुवेल यास शिलो येथें एली याजकापाशीं देवाच्या सेवेसाठीं ठेविलें. पुढें प्रतिवर्षीं यज्ञासाठीं ती तेथें जाई, तेव्हां एक लहानसा झगा करून त्यास नेऊन देई. प्रतिवर्षीं नवा झगा कां बरें? मूल वाढत होतें. तें डोळ्यांसमोर नसतां त्याची उंची किती झाली असेल, बाह्या किती लांब लागतील, याचा अंदाज त्या माउलीस मनांतच बांधावा लागला असेल. हातच्या भेटीचें मर्म आम्हांस येथें दिसतें. निरोप घेऊन गेलेल्या मुलाच्या मापाची वस्तु करून भागत नाहीं. दूर राहून वाढणाऱ्या मुलाचें माप ध्यानांत घ्यावें लागतें. तसें करतां करतां देणाऱ्याचें मनहि वाढतें.

आपल्या देशांतील एक उदाहरण सर्वांस ठाऊक असावें. २६ मार्च १९४२ रोजीं इंदिरा नेहरू यांचा विवाह झाला. त्या वेळीं त्यांनीं नेसलेली साडी जवाहरलालांनीं तुरुंगांत कांतलेल्या सुताची होती. भारी शालू घेणें त्यांस अशक्य होतें असें नव्हे. परंतु बंदिवासामुळें जे दिवस मुलीच्या सहवासांत घालवितां आले नाहींत, तेच जणू पित्यानें सुताच्या रूपानें सासरीं निघालेल्या मुलीच्या हवालीं केले.

मात्र दोन गोष्टींविषयीं पालकांनीं सावध असावें. पहिली ही कीं, भेट प्रदर्शनासाठीं नसावी. रुखवतांत पूर्वीं मुलीच्या व घरच्या बायकांच्या हातचें कसब दिसे; आतां तयार रुखवतहि विकत मिळतें, आणि पाहुण्यांच्या डोळ्यांसाठींच तें मांडलें जातें. वसतिगृहाच्या खोलींत जागा थोडी असते. तेथें शोभेच्या वस्तूचें ओझेंच होतें. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. 'तुझ्यासाठीं आम्ही रात्री जागलों,' असें वरचेवर ऐकविलें, तर गोधडीची ऊब जाते आणि भार तेवढा उरतो. भेट म्हणजे मुलाच्या पायांत अडकविलेली दोरी नव्हे.

बालमित्रांनो, हें सारें केवळ वडील माणसांसाठीं लिहिलें आहे असें समजूं नका. ताई किंवा दादा परगांवीं निघाला, तर त्याच्या धुण्याच्या कपड्यांसाठीं एक बळकट पिशवी शिवा. आजीला विचारून तिच्या आमटीचें, मसाल्याचें प्रमाण एका वहींत सुवाच्य अक्षरांत लिहून द्या. आजीचें प्रमाण मुठीचें व चिमटीचें असतें. तें चमच्यांत मोजून घ्या, म्हणजे परक्या चुलीवरहि घरची चव उतरेल. याला पैसा लागत नाहीं. चार संध्याकाळ आजीजवळ बसावें लागतें, आणि तो लाभ तुमचाच आहे.

आणि एके दिवशीं तुमचीहि जाण्याची वेळ येईल. तेव्हां घरच्या हातांनीं केलेलें जें कांहीं मिळेल, तें तळाशीं दडवूं नका. पहिल्याच रात्रीं ती गोधडी सर्वांदेखत उलगडा. खोलींतील दुसऱ्या एखाद्या मुलासहि आपल्या पेटीच्या तळाशीं असलेली गोधडी बाहेर काढण्यास त्यानें धीर येईल.