घसाऱ्याचा हिशेब

‘घसारा’ हा शब्द व्यापारी कुटुंबांना वहीखात्यामुळे परिचित असतो. व्यवसायासाठी घेतलेल्या मोटारीवर आयकराच्या हिशेबात घटत्या शिलकेच्या पद्धतीने दर वर्षी साधारणतः १५ टक्के घसारा धरला जातो. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र घासले जाणे, झिजणे असा आहे. ही झीज प्रत्यक्षात कशी घडते, हे भिवंडीच्या धामणकर नाक्यावरील एका कापड व्यापाऱ्यास त्याच्या मोटारीतील एका लहानशा भागाने शिकवले.

गाडी घेऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. सकाळी ठाण्याकडे निघाले की सूर्य पाठीमागे असे. मागच्या काचेतून आलेले ऊन वेग दाखवणाऱ्या मीटरवर पडले की त्याच्या पारदर्शक आवरणावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य बारीक रेषा चमकू लागत आणि त्या चकाकीत वेगाचा आकडा दिसेनासा होई. शेठजींनी याचा दोष गाडी धुणाऱ्या तरुण चालकावर ठेवला. नव्या आवरणाची किंमत त्याच्या पगारातून कापून घेण्याचेही त्यांनी ठरवले. “शेठ, मी गाडी बाहेरून धुतो, मीटरला हात लावत नाही,” एवढेच तो म्हणाला. ते कोणी मनावर घेतले नाही.

आवरण बदलण्याआधी गाडी एका वयस्क कारागिराकडे नेण्यात आली. त्याने मोबाइलची बत्ती तिरपी धरून आवरण न्याहाळले. सर्व रेषा एकाच बाजूला झुकलेल्या, कमानीसारख्या होत्या.

“शेठ, रोज सकाळी हे पुसतं कोण?”

शेठजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “मीच.”

दाराच्या कप्प्यातून पुसण्याचे फडके निघाले. दुकानातील ग्रे कापडाच्या ताग्याचा तो उरलेला तुकडा होता. कारागिराने तो बोटांत चुरगळला आणि परत केला. “कापडाची पारख तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त,” तो म्हणाला. त्याहून अधिक बोलण्याची गरज नव्हती. न धुतलेल्या ग्रे कापडात सायझिंगची खळ तशीच असते, त्यामुळे ते ताठ आणि खरखरीत राहते, हे यंत्रमागांच्या गावात कोणास सांगावे लागत नाही.

तरीही खरा अपराधी कापडाहून सूक्ष्म असतो. रस्त्यावरील धुळीत गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोहस् मापावर क्वार्ट्झचा क्रमांक ७ आहे, तर खिडकीच्या काचेचा सुमारे साडेपाच. मीटरचे आवरण बहुधा काचेचे नसून ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचे असते आणि ही दोन्ही काचेहून पुष्कळच मऊ आहेत. ॲक्रिलिकमधून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांतील वैमानिकांच्या डोक्यावरील पारदर्शक छत याच प्लास्टिकचे असे. अशा पृष्ठभागावर कोरडे फडके फिरवणे म्हणजे धुळीचा प्रत्येक कण दाबून ओढणे होय.

यावरील उपाय सोपा आहे, पण घाईचा नाही. गाडी सावलीत उभी करून आतील भाग थंड होऊ द्यावा. प्रथम मऊ केसांच्या ब्रशने धूळ झटकावी. नंतर पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकून, मायक्रोफायबरचे फडके त्यात भिजवून घट्ट पिळावे व आवरण हलक्या हाताने पुसावे. पाणी कधीही थेट फवारू नये, कारण आवरणामागे विजेची जोडणी असते. मग ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर ओरखडा वरवरचा समजावा. भोवतालच्या भागावर कागदी चिकटपट्टी लावून, प्लास्टिकसाठीच बनवलेले पॉलिश वाटाण्याएवढे घ्यावे आणि स्वच्छ फडक्याने, दाब न देता, लहानशा जागेत एक-दोन मिनिटे फिरवावे. दुसऱ्या फडक्याने पुसून बत्तीच्या प्रकाशात पाहावे. गरज भासल्यास हेच दोन-तीन वेळा करावे. सुरुवात नेहमी एखाद्या कोपऱ्यापासून करावी.

नख अडकत असेल तर २००० आणि त्यानंतर ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यासह घासावे लागते. ते काम आवरण सुटे करूनच होते, म्हणून ते कारागिरावर सोपवावे. टूथपेस्टचा घरगुती उपाय काही वेळा लागू पडतो. मात्र तिच्यातील कण किती जाड आहेत हे आपल्याला ठाऊक नसते, त्यामुळे जुने ओरखडे जाऊन नवे उमटण्याचा संभव राहतो. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन आणि अमोनियायुक्त काचद्रव वर्ज्यच मानावे. त्यांनी प्लास्टिक धुरकट होते किंवा त्याला बारीक तडे जातात. स्पर्शपडद्यावर आणि चकाकी रोखणाऱ्या लेपाच्या आवरणावर पॉलिश करू नये. लेप जागोजागी उडतो आणि डाग कायमचे राहतात.

या कामातील एक गोष्ट मात्र हिशेबी माणसाने विशेष ध्यानात घ्यावी. पॉलिशने ओरखडा भरून निघत नाही. काही पॉलिशमधील मेण त्यात बसून तो काही दिवस झाकतो, इतकेच. खऱ्या अर्थाने तो जातो तेव्हा भोवतालचे प्लास्टिक झिजवून त्याच्या तळापर्यंत आणलेले असते. म्हणजेच प्रत्येक दुरुस्ती मुद्दलातून होते. ती दर महिन्याला करण्याची गोष्ट नव्हे. ओरखडा उमटूच न देणे हाच यातला खरा नफा.

कारागिराने अर्ध्या तासात आवरण बरेचसे स्वच्छ करून दिले. दोन खोल रेषा त्याने मुद्दाम तशाच ठेवल्या. नवे आवरण घ्यावे लागले नाही. परतताना शेठजींनी ग्रे कापडाचा तो तुकडा टाकून दिला आणि एक मऊ ब्रश विकत घेतला.

महिनाअखेरीस चालकाला पगार पूर्ण मिळाला. पाकीट हाती देताना शेठजी म्हणाले, “चूक माझी होती. तुझं मी ऐकून घ्यायला हवं होतं.” तो काही बोलला नाही, फक्त मान हलवली. आवरणावरील त्या दोन रेषा अजून आहेत. सकाळच्या उन्हात त्या दिसतात, आणि वेगाचा आकडाही आता स्पष्ट वाचता येतो.