एवढे अंगण राहू द्या!

कोपरखैरण्याचे आमचे जुने रो-हाऊस पाडून नवे बांधायचे ठरले, आणि नकाशा तिसऱ्यांदा सुधारून आला. पहिल्या सुधारणेत ओटी गेली. दुसरीत परसावर स्वयंपाकघर सरकले. आता पुढच्या अंगणात मोटार! म्हणे, जागा वाया जात होती.

वाया? घराच्या दोन्ही भिंती शेजाऱ्यांना लागून. उजेड-वारा यायचा तो पुढून नि मागून. तीही तोंडे बुजवली, म्हणजे मधल्या खोलीत भर दुपारी दिवा लावायचा! आणि ती खोली कोणाची? जिने चढू न शकणाऱ्या आमच्या आईची.

जागा अपुरी, ही सबब मला सांगू नका. जवळच बेलापुरात चार्ल्स कोरियांनी १९८० च्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज वसवले. भूखंड अवघे ४५ ते ७५ चौरस मीटरांचे. तरी घराला आपले मोकळे अंगण आहे, शिवाय सात-सात घरांत एक सामायिक चौक. आपल्या हवेत उघडे आकाश हीही एक खोलीच, हे त्यांनी ओळखले होते.

मी नकाशा परत धाडला आहे. वरची एक खोली कमी करा, मोटारीचे आम्ही पाहून घेऊ. अंगण मात्र होते तेथेच ठेवा.