बोली लावताना साक्षीला कोण होतं?



हा लेख लिहायचं मी कित्येक महिने टाळत होते. कारण सरळ आहे. मी बी.कॉम. आहे हे मी तुम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की आता लाज वाटते. घरचा हिशेब लग्नापासून माझ्या हातात, महिला मंडळाचं पासबुक माझ्या कपाटात, आणि ऑनलाइन लिलावात ₹७,२५० घालवून बसली ती मीच.

वस्तू होती तांब्याचा बंब. माझ्या माहेरी, बार्शीला, परसात बंब होता. आई एकेक लाकूड आपटून, झटकून, किडामुंगी नाही ना ते बघून मगच आत सारायची. थंडीत आम्ही बहिणी त्याला पाठ लावून अभ्यास करायचो. घर विकलं तेव्हा बंब मोडीत गेला. तर समाजमाध्यमावर जुन्या भांड्यांचा एक ग्रुप सापडला. दर रविवारी संध्याकाळी फोटो टाकायचे, खाली बोल्या लावायच्या, रात्री ९ वाजता लिलाव बंद. मी ₹४,२०० पर्यंत गेले. बंब कुणीतरी ₹५,६०० ला नेला. मी फोन ठेवून झोपायच्या तयारीला लागले.

पावणेअकराला मेसेज आला. ‘मावशी, ज्यांनी बंब घेतला ते मागे हटले. दुसरी बोली तुमची होती. तुमच्याच भावात देतो, पण आणखी दोघं विचारतायत.’ मी अंथरुणात बसून ₹२,००० पाठवले. दुसऱ्या दिवशी उरलेले ₹२,२००. मग पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टचे ₹१,१५०. मग विम्याचे ₹१,९००, ‘माल पोचला की परत मिळतील’. ₹४,२०० च्या वस्तूला ₹१,९०० चा विमा! कॉलेजात विम्याचा पेपर मी चांगल्या मार्कांनी सोडवला होता. पण त्या क्षणी मला बंब दिसत होता, हप्ता दिसत नव्हता. त्यानंतर तो नंबर बंद.

नातीने नंतर तो फोटो इंटरनेटवर शोधून दाखवला. बंब खरा होता, पण कुठल्याशा हॉटेलात शोभेला ठेवलेला. विकायला तो कधी नव्हताच. ज्याने मला मेसेज केला त्याला बोली जिंकलेल्या माणसाशी काही घेणंदेणं नव्हतं. तो फक्त हरलेल्यांची नावं टिपत होता. ही युक्ती जुनी आहे, परदेशातल्या लिलावाच्या साइटवर वर्षानुवर्षं चालत आलेली. हरलेल्या माणसाच्या मनात वस्तू अजून गरम असते, आणि आपण किती द्यायला तयार आहोत ते त्याने स्वतःच जाहीर लिहून ठेवलेलं असतं.

मला राग याचा आला की लिलाव मला नवा नाही. आपण सगळ्या जणी सवाल ऐकत मोठ्या झालो. पहिल्या अभिषेकाचा सवाल, शांतिधारेचा सवाल, पालखीचा सवाल. मंदिरात कुणी ‘पाच हजार एक’ म्हटलं की सगळी मान वळवून बघतात. बोलणारा कोण, कुणाचा मुलगा, हे गावाला ठाऊक असतं. तीनदा पुकारल्याशिवाय सवाल सुटत नाही. पैसे नंतर भरायचे, पावती घ्यायची, रक्कम फळ्यावर चढते. रात्री पावणेअकराला कुणी घरी येऊन ‘काकू, सवाल तुम्हाला देतो, पण मला गुपचूप द्या’ म्हणालं, तर आपण त्याला दारात उभं करू का?

आमच्या मामंजींची मार्केट यार्डात आडत होती. ते सांगायचे, पूर्वी बाजारात हत्ता चाले. धोतराच्या किंवा उपरण्याच्या आड व्यापारी आणि आडत्या एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा, आणि त्यालाच भाव कळायचा नाही. बाजार समित्या आल्या, उघड लिलावाचा नियम झाला, त्यामागे हेच होतं. मला आलेला तो मेसेज म्हणजे हत्ताच की! चारचौघांत लागलेली बोली उपरण्याखाली ओढायची.

म्हणून मला वाटतं, ‘ऑनलाइन काही घेऊच नका’ असं आपली मुलं जे आपल्याला बजावतात ते चुकीचं आहे. प्रश्न ऑनलाइनचा नाही, मधला माणूस काढून टाकल्याचा आहे. आपल्याकडे २००० साली बाझी डॉट कॉम निघालं. २००४ मध्ये ते अमेरिकेच्या ईबेने विकत घेतलं. माझा मुलगा तेव्हा तिथून जुनी घड्याळं घ्यायचा आणि मी त्याला ओरडायची. पण तिथे ‘पैसापे’ नावाची सोय होती. तुमचे पैसे विकणाऱ्याला लगेच मिळत नसत, माल तुमच्या हाती पडेपर्यंत मध्येच थांबत. म्हणजे आपल्याकडे सोयरिकीत मध्यस्थ असतो ना, तसं. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ मध्ये बंद झालं. आता आपल्यासारख्या बायका असल्या ग्रुपांवर साड्या, नाणी, भांडी यांच्या बोल्या लावतात, आणि मध्ये कुणी नसतं. यूपीआयने पैसे पाठवले की पाठवले.

२९ एप्रिल २०२५ ला नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनला सदबीजच्या लिलावात निघाली. आपल्या राज्य सरकारने ती घेतली, आणि घेतली ती मध्यस्थ नेमून. वाहतूक, विमा वगैरे धरून सुमारे ₹४७.१५ लाख लागले. तेव्हा टीव्हीवर बघताना मला अभिमान वाटला होता. आता वाटतं, एवढं मोठं सरकार, तरी मधे माणूस घातलाच. मी मात्र एकटीच, अंधारात, चष्मा न लावता.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ‘आधी पैसे मागितले की फसवणूक’ हा सोपा नियम सांगितला जातो आणि तो खरा नाही. खऱ्या लिलावातही आधी पैसे भरावे लागतात. थकीत कर्जासाठी बँक घर किंवा प्लॉट विकते तेव्हा आधी बयाणा भरावा लागतो. बोली लागली नाही तर तो परत मिळतो. लागली तर बयाण्यासकट २५ टक्के रक्कम त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी भरायची आणि बाकीची साधारण १५ दिवसांत. पण त्याची नोटीस वर्तमानपत्रात येते, मराठीतही येते. सरकारी बँकांच्या अशा मालमत्तांसाठी ‘बँकनेट’ हे पोर्टल आहे. नोटिशीत शाखेचं नाव असतं, अधिकारी असतो, तिथे जाऊन विचारता येतं, मालमत्ता बघता येते. (बघाच. ‘आहे तशी, आहे तिथे’ या चार शब्दांत आत राहणारा भाडेकरूसुद्धा येतो.) तेव्हा पैसे आधी मागितले का, एवढंच बघून भागत नाही. ते कुणाच्या नावावर जातायत ते बघायचं. बँकेचा लिलाव आणि खातं कुण्या परप्रांतातल्या माणसाचं, असं होत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा पुतण्या कळंब तालुक्यातला. त्याला मोबाइलवर जाहिरात दिसली, ‘फायनान्सने ओढून आणलेले ट्रॅक्टर, लिलावात निम्म्या किमतीत’. पेरणी तोंडावर आलेली. त्याने लिलावात नाव घालायला ₹२५,००० भरले. दुसऱ्या दिवशी ‘तुमची बोली लागली, एनओसीचे ₹४०,००० भरा’. तेही भरले. भरल्यावर पावतीवरचं नाव वाचलं, भलत्याच कुणाचं. त्याने तिथल्या तिथे, शेताच्या बांधावरून, १९३० ला फोन लावला. पैसे कधी, किती, कोणत्या बँकेतून गेले आणि व्यवहाराचा क्रमांक काय, सगळं सांगितलं. ते ₹४०,००० पुढच्या खात्यात अडकवून ठेवता आले. आदल्या दिवशीचे ₹२५,००० चार खाती फिरून काढूनही झाले होते. एकच माणूस, एकच चोर, फरक अर्ध्या तासाचा आणि एका दिवसाचा.

आणि मी? मी तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. ह्यांना कळलं तर काय म्हणतील, सूनबाई मनात हसेल, मंडळातल्या बायका पासबुक काढून घेतील. तिसऱ्या दिवशी सामायिकाला बसले तर मन एका जागी राहीना, तेव्हा उठून ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “अगं, मग फोन केलास का?” एवढंच. १९३० ला लावला, cybercrime.gov.in वर नहीचा पाढा वाचत का होईना तक्रार घातली, तक्रारीचा क्रमांक मिळाला. पैसे केव्हाच गेलेले होते. बँकेतही गेले. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मला ठाऊक होतं, तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही असं. काउंटरवरच्या मुलीने समजावलं की ते आपल्याला न कळता पैसे गेले तर. मी पिन स्वतः दाबला होता. तिचं बरोबर होतं आणि तरी मला तिचा राग आला.

(आणखी एक. विकणारा खरा आहे पण माल फुटका पाठवला, तर ती चोरी नव्हे, तो ग्राहक हेल्पलाइनचा विषय, नंबर १९१५. दोन्हींत गल्लत करून वेळ घालवू नका.)

मंदिरात एकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “ताई, परिग्रह वाढवला की असंच व्हायचं.” मी गप्प बसले, पण आज उत्तर देते. बंबाची हौस हा माझा परिग्रह असेल, त्याचं प्रतिक्रमण मी करीन. पण फसलेल्या बाईला लोभी ठरवलं की चोर आरामात सुटतो, आणि पुढची बाई तीन दिवसांऐवजी तीन महिने गप्प बसते. ट्रॅक्टर हवा असणं लोभ आहे का?

आपल्याकडे अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोटा माल खरा म्हणून देणं येतं, तसं चोरीचा माल घेणंही येतं. हे दुसरं आपण विसरतो. त्याच ग्रुपवर एकदा ‘पुरातन पार्श्वनाथ, दीडशे वर्षं जुने’ म्हणून पंचधातूची मूर्ती बोलीला आली होती आणि आपल्यातल्याच बायका हात जोडल्याच्या खुणा टाकून आकडे वाढवत होत्या. मूर्ती नवी असेल तर आपण फसलो. खरोखर जुनी असेल तर जास्त वाईट, कारण ती कुठल्या तरी मंदिराच्या वेदीवरून निघालेली असू शकते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते, तिची नोंदणी लागते, परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही. आमच्या धाराशिवच्या लेण्यांत पार्श्वनाथांची मूर्ती आहे, जाऊन दर्शन घ्या. भगवंतांवर बोली कसली लावता?

जुन्या नाण्यांचं तर विचारूच नका. पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतात म्हणून सांगतात आणि आधी ‘कर’ नाहीतर ‘कमिशन’ मागतात, तेही रिझर्व्ह बँकेच्या नावाने. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असं काही शुल्क मागत नाही. तरीही माझ्या जावेच्या डब्यात ट्रॅक्टरच्या चित्राच्या सतरा नोटा आहेत, भाव येईल म्हणून.

मी आता एकच शिस्त पाळते. बोली लावायची असेल तर घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून लावायची, आकडा आधी कागदावर लिहायचा, आणि रात्री पैसे पाठवायचे नाहीत. नात म्हणते, “आजी, हे तर मंदिरातल्यासारखंच झालं.” परवा सासूबाईंच्या जुन्या समईसाठी काच घ्यायची होती, तर ह्यांना बसवलं. हे इतका वेळ घालवतात की तोवर लिलाव संपतो. चालेल.

मागच्या रविवारी दुसऱ्याच एका ग्रुपवर तोच बंब दिसला. तोच फोटो, मागे हॉटेलची तीच निळी भिंत. बोली ₹३,८०० वर होती. मी खाली लिहिलं, ‘भगिनींनो, हा बंब मी आधीच विकत घेतलेला आहे, अजून पोचायचा आहे.’ चार मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं. स्क्रीनशॉट मात्र मी लिहिण्याआधीच काढून ठेवला होता. सोमवारी सकाळी जुन्या तक्रारीचा क्रमांक घेऊन सायबर पोलिसांकडे देऊन आले.