सिक्स पॅक आहेत, फक्त झाकलेत!

वाशी असो की बेलापूर, जिममध्ये नव्या मेंबरचा फंडा एकच: रोज १०० क्रंचेस, की सिक्स पॅक तयार! पण दोस्तहो, ते तुमच्याकडे आहेतच. फासळ्यांपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत दोन उभे स्नायू, मध्ये एक उभी पांढरी रेघ आणि साधारण तीन आडव्या पट्ट्या. झाले चौकोन! ते किती, हे जन्मतःच ठरतं. दिसत नाहीत, कारण वर चरबीची रजई. क्रंचेसने स्नायू बळकट होतात, पण नेमकी तिथलीच रजई उतरत नाही.

‘मी तर बारीकच आहे’ म्हणताय? मग हे वाचा. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांचा फोटो आला: पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. बीएमआय दोघांचा सेम, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! आपली ही ‘बारीक पण चरबीवाली’ ठेवण डायबेटिसला जवळची.

तेव्हा आरशाआधी शिंप्याची टेप काढा. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत? सही! मग पॅक दिसोत, न दिसोत.